पांढरे आकडे गुलाबी झाले तेव्हा: हीट ट्रान्सफर छपाईचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका छोट्या छपाई कारखान्यातले आहे. ओळख पटू नये म्हणून नाव, ठिकाण आणि ऑर्डरचा आकडा दिलेला नाही. तापमान, वेळ आणि निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

कारखान्यात दोन हीट प्रेस, एक डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म) प्रिंटर, एक सब्लिमेशन प्रिंटर आणि व्हायनल, म्हणजे उष्णतेने चिकटणारी रंगीत प्लॅस्टिकची पातळ शीट, कापायचा कटर होता. रोजचे काम मुख्यतः सुती टी-शर्टचे. त्यात हात बसलेला, तक्रारी नगण्य. अशात एका क्रीडा संघाची ऑर्डर आली: गडद मरून रंगाच्या तयार जर्सी, पाठीवर पांढऱ्या रंगात नाव आणि क्रमांक, छातीवर बोधचिन्ह. बोधचिन्हात गडद निळा आणि पिवळा रंग आणि सभोवती बारीक पांढरी कड होती. जर्सी ग्राहकाने स्वतः विकत घेऊन आणून दिल्या होत्या. स्पर्धेची तारीख ठरलेली होती.

पुढचे समजायला हीट ट्रान्सफरची थोडी माहिती लागेल. डिझाइन आधी कागदावर किंवा फिल्मवर छापायचे (व्हायनल असेल तर कापायचे), ते कापडावर ठेवायचे आणि उष्णता, दाब व वेळ यांच्या जोरावर कापडावर उतरवायचे, ही या सगळ्या पद्धतींची रीत. पण कापडावर उतरण्याचे प्रकार दोन. सब्लिमेशनमध्ये रंग धाग्याच्या आत जातो. डीटीएफ, व्हायनल आणि प्लास्टिसॉल (प्लॅस्टिकयुक्त घट्ट शाई) ट्रान्सफर यांत रंगाचा थर कापडावर बसतो आणि वितळणाऱ्या चिकट पदार्थाने धरून राहतो.

सब्लिमेशनमध्ये कागदावर डिस्पर्स डाय या प्रकारच्या रंगाने उलटी प्रतिमा छापतात. साधारण १९० ते २०५ अंश सेल्सिअसला, ४५ ते ६० सेकंद प्रेस केले की रंग द्रव न होता थेट वायू होतो. पॉलिस्टरचा धागा ७०-८० अंशांच्या पुढे आतून सैल व्हायला लागतो आणि या तापमानाला तर रंगाचे रेणू सहज आत शिरतात. गार झाल्यावर ते तिथेच अडकतात. म्हणून अशी छपाई हाताला जाणवत नाही आणि धुऊन जात नाही. सुताला या रंगाची ओढ नसते, त्यामुळे शुद्ध सुतावर ती टिकत नाही.

डीटीएफमध्ये फिल्मवर आधी रंगीत शाई, तिच्यावर पांढऱ्या शाईचा थर, आणि ओलेपणी त्यावर चिकट पावडर टाकून ती भट्टीत वितळवतात. मग फिल्म कापडावर ठेवून बहुधा १५० ते १६५ अंशांना १० ते १५ सेकंद प्रेस मारायचा, फिल्म सोलायची आणि वरून पुन्हा एक छोटा प्रेस द्यायचा. सूत असो की पॉलिस्टर, फिकट असो की गडद, सगळ्यांवर चालते. कारखान्याला हीच पद्धत सर्वांत ओळखीची होती.

पहिला निर्णय इथे झाला आणि तो कुणालाच निर्णय वाटला नाही. मरून कापडावर सब्लिमेशन चालणार नाही, कारण त्या रंगांना आच्छादन नसते, म्हणजे ते खालचा रंग झाकत नाहीत, आणि त्यात पांढरी शाई नसते, हे मालकीणबाईंना माहीत होते. म्हणजे मग डीटीएफ. सुतासाठी यंत्रावर लावलेले १६० अंश आणि १५ सेकंद तसेच राहू दिले. एक जर्सी छापून पाहिली. पांढरा रंग झळझळीत, कडा स्वच्छ, ओढून पाहिले तरी भेग नाही. संध्याकाळीच काम सुरू झाले.

समस्या

रात्री छापलेल्या जर्सी गरम असतानाच घडी घालून एकावर एक रचल्या गेल्या आणि बऱ्याचशा प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरल्या गेल्या. सकाळी पहिली पिशवी उघडली तेव्हा पाठीवरचे आकडे पांढरे नव्हते. फिकट गुलाबी होते.

मालकीणबाईंनी प्रेस चालवणाऱ्या कारागिरांना विचारले, "काका, काल हे असंच दिसत होतं का?"

"नाही हो मॅडम, दुधासारखं पांढरं होतं. मी प्रत्येक पीस उजेडात धरून बघितलाय."

दोघांचेही खरे होते. छपाई झाली तेव्हा आकडे पांढरेच होते, नंतर बदलले. मला त्याच दिवशी बोलावले गेले. ढीग न हलवता तसाच ठेवा, एवढे मी फोनवर सांगितले होते आणि ते फार उपयोगी पडले. ढिगाच्या सर्वांत वरच्या जर्सीवर गुलाबी छटा जेमतेम होती, मधल्या जर्सींवर सर्वांत जास्त. हँगरला लावून ठेवलेल्या चार-दोन जर्सी जवळजवळ पांढऱ्या होत्या. बोधचिन्हाची पांढरी कड गुलाबी झाली होती, पिवळा रंग नारिंगीकडे झुकला होता आणि निळ्यात काहीच फरक दिसत नव्हता.

कारखान्यात तोवर संशय शाईवर होता. नवी बाटली जोडली होती, म्हणून. पण शाई खराब असती तर वरच्या आणि मधल्या जर्सीत फरक का पडावा? एकाच फिल्मवर शेजारी-शेजारी छापलेले दोन आकडे वेगळे का दिसावेत? फरक होता तो फक्त किती वेळ ऊब राहिली याचा. आणि गुलाबी रंग येणार कुठून, तर मरून जर्सीतूनच.

कारण शोधताना

जर्सीच्या शिवणीतला एक धागा काढून जाळला. तो आक्रसला, वितळला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. सूत असते तर जळक्या कागदासारखा वास येऊन मऊ राख उरली असती. म्हणजे पॉलिस्टर, आणि पॉलिस्टर गडद मरून रंगवायचे तर सहसा डिस्पर्स डायच लागतो. सब्लिमेशनच्या शाईत जो रंगप्रकार असतो तोच.

मग एक सोपी चाचणी केली. ती कुठल्याही कारखान्यात दहा मिनिटांत होते, म्हणून सविस्तर सांगतो. खराब झालेल्या जर्सीवर पांढऱ्या पॉलिस्टर कापडाचे चार तुकडे घेतले आणि एकेक तुकडा वेगळ्या जागी ठेवून ३० सेकंद प्रेस केला: १३०, १४०, १५० आणि १६० अंशांना. तुकडे ओळीने टेबलावर मांडले. १३० चा तुकडा पांढरा म्हणावा असाच होता. १४० वर अगदी हलकी सावली. १५० वर शिवणीची ओळसुद्धा उमटलेली. १६० च्या तुकड्यावर जर्सीच्या जाळीदार विणीची छिद्रे मोजता येतील इतकी स्पष्ट गुलाबी नक्षी. काकांनी तो तुकडा हातात घेतला आणि म्हणाले, "हे तर आपलंच सब्लिमेशन झालं."

अगदी तेच झाले होते. कापडातला रंग उष्णतेने उडून जे वर असेल त्यात शिरतो. १९५७ च्या सुमारास फ्रान्समध्ये नोएल द प्लास या रसायनतज्ज्ञाने डिस्पर्स डायचा हाच गुणधर्म छपाईसाठी वापरायची वाट दाखवली आणि आजची सब्लिमेशन छपाई त्यावर उभी आहे. तिथे रंग कागदातून कापडात जातो. इथे तो कापडातून छपाईत आला. धंद्यात याला डाय मायग्रेशन म्हणतात.

दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. पहिली, रंग प्रेस उघडल्याबरोबर थांबत नाही. डीटीएफची पावडर बहुधा पॉलियुरेथेन जातीची असते, आणि एकदा तिच्यात शिरलेला रंग ऊब मिळेल तसा तासन्‌तास, कधी काही दिवससुद्धा, वर सरकत राहतो. गरम जर्सींचा ढीग म्हणजे त्याला मिळालेली रात्रभराची ऊब. म्हणूनच संध्याकाळचा नमुना निर्दोष दिसला. दुसरी, सगळे पॉलिस्टर सारखे नसते. लहान रेणूंचे डिस्पर्स डाय लवकर उडतात, मोठ्या रेणूंचे जास्त तापमानापर्यंत तग धरतात. रंगवल्यावर धाग्याच्या पृष्ठभागावर उरलेला रंग नीट धुऊन काढला नसेल तर धोका आणखी वाढतो. कापड बघून यातले काहीही कळत नाही. प्रयोगशाळेत कोरड्या उष्णतेला रंग किती पक्का आहे हे तपासायची आयएसओ १०५-पी०१ ही पद्धत आहे, पण तयार जर्सी विकत घेणाऱ्याच्या हाती तो अहवाल सहसा पडत नाही.

आणखी एक दोष निघाला. दोन्ही प्रेसचे पडदे १६० दाखवत होते. पृष्ठभागाचे तापमान मोजणारा प्रोब लावला तर एका प्रेसच्या मध्यभागी १७० च्या वर आणि एका कोपऱ्यात १५० च्या आसपास भरले. सर्वांत गुलाबी जर्सी याच प्रेसवरच्या होत्या. सुती कामात हा फरक कधी जाणवला नव्हता, कारण सूत दहा अंश इकडेतिकडे सोसते.

कोणते पर्याय होते

सर्वांत आधी खराब झालेल्या मालाचा प्रश्न आला. काकांची सूचना होती की गुलाबी आकड्यावर पुन्हा पांढरा आकडा मारावा. करून पाहिले. नवा थर सुरुवातीला पांढरा दिसला, पण खाली तोच रंग आणि वर पुन्हा तीच उष्णता. रंग अडवणाऱ्या व्हायनलचा थोडा मोठा आकडा वर चिकटवला तर गुलाबी झाकले गेले, पण पाठीवर पुठ्ठा लावल्यासारखे वाटायला लागले. धावताना घाम येणाऱ्या खेळाडूला ते देणे मालकीणबाईंना पटले नाही, आणि माझेही मत तेच होते. डीटीएफ काढून टाकायची द्रव्ये वापरली तर डाग आणि चिकटपणा मागे राहत होता. त्या जर्सी वाचवायचा नाद सोडणे हा या प्रकरणातला सर्वांत जड निर्णय होता. तो पहिल्याच दिवशी घेतला म्हणून पुढचा वेळ हाती राहिला.

उरलेल्या जर्सींसाठी पाच वाटा होत्या.

नुसते तापमान उतरवणे ही पहिली. कमी तापमानाला वितळणारी पावडर मिळते आणि १२० ते १३० अंशांना काम होते. बरेच जण हाच रामबाण उपाय म्हणून सांगतात. मला तो पुरेसा वाटत नाही. त्याने रंग येण्याचा वेग कमी होतो, वाट बंद होत नाही. आणि चिकटपणाही थोडा कमी पडतो. पांढरा रंग वाचवायला जाऊन धुण्यात कडा सुटल्या तर काय मिळवले?

रंग अडवणारी काळी पावडर ही दुसरी. पांढऱ्या थराखाली कार्बन मिसळलेला चिकट थर येतो आणि वर येणारा रंग कार्बन शोषून घेतो. छपाई थोडी जाड होते, आणि बारीक अक्षरांच्या कडेला काळी रेघ दिसण्याची भीती असते.

तिसरी म्हणजे रंग अडवणारे व्हायनल. याच्या पाठीला करडा थर असतो. आकडे आणि नावे एकाच रंगाची असल्याने कटरवर काम होणार होते. अडचण वेळेची: प्रत्येक नाव कापून नको असलेला भाग टोकदार हुकाने उचलत बसायचे.

चौथी, पांढऱ्या पॉलिस्टरपासून सुरुवात करायची. मरून रंगासकट संपूर्ण जर्सी सब्लिमेशनने छापायची, आकड्यांची जागा कोरी ठेवायची आणि मग कापून शिवायची. माझ्या मते खेळाच्या जर्सीसाठी हा सर्वांत उत्तम मार्ग आहे. पांढरा आकडा म्हणजे कापडाचाच पांढरा. वर थर नाही, सुटणार काही नाही, घाम अडत नाही. पण ग्राहकाने जर्सी आधीच घेतल्या होत्या आणि शिलाईला वेळ नव्हता.

पाचवी वाट ग्राहकाशी बोलून रंगच बदलायचा. काळे आकडे मरूनवर लांबून वाचता येत नव्हते, त्यामुळे चर्चा तिथेच संपली.

काय केले

शेवटी काम वाटून घेतले. नावे आणि आकडे रंग अडवणाऱ्या व्हायनलने, बोधचिन्ह काळ्या पावडरच्या डीटीएफने कमी तापमानाला. सगळे एकाच पद्धतीने करायचा मोह होता, कारण एकच सेटिंग ठेवून काम भराभर झाले असते. पण बोधचिन्हात तीन रंग होते आणि त्याची बारीक कड व्हायनलमध्ये कापणे शक्य नव्हते. तर मोठे आकडे डीटीएफमध्ये केले असते तर धोक्याचे क्षेत्रफळ उगाच वाढले असते. ज्या भागाला जे शोभते ते दिले.

ग्राहकाला त्याच दिवशी खरे सांगितले गेले: किती जर्सी गेल्या, का गेल्या, त्या कारखाना भरून देणार, आणि उरलेल्या कधी मिळणार. मालकीणबाईंनी आणखी एक प्रश्न विचारला, तो मला फार आवडला: "पहिल्या सामन्याला नक्की किती जण लागतात?" सगळा माल एकदम लागत नव्हता. म्हणजे मैदानात उतरणाऱ्यांच्या जर्सी आधी, राखीव आणि बाकीच्या नंतर.

त्यानंतर नमुना केला आणि दोन रात्री थांबलो. घाई असताना थांबणे कठीण जाते, आणि पहिल्या दुपारी प्रेस सुरू करायचा आग्रहही झाला. पण दोष उशिरा उमटणारा असेल तर ताजा नमुना बघून काहीही ठरवता येत नाही. एक नमुना गरम असतानाच घडी करून पिशवीत घालून, वर वजन ठेवून उबदार जागी ठेवला. म्हणजे मूळ चूक मुद्दाम पुन्हा केली. दुसरा हँगरला टांगला. तिसरा दिवसभर ठेवून मग ४० अंशांच्या पाण्यात उलटा करून वारंवार धुतला. शेजारी तुलनेला कोऱ्या व्हायनलचा तुकडा ठेवला, कारण हळूहळू गुलाबी होणारा पांढरा डोळ्यांना पांढराच वाटत राहतो. आकडे तिन्ही नमुन्यांवर पांढरे राहिले. बोधचिन्हाच्या कडेला पिशवीतल्या नमुन्यात किंचित उबदार छटा होती, हातभर अंतरावरून न दिसणारी. तेवढी ग्राहकाला दाखवून मान्य करून घेतली.

प्रत्यक्ष कामात प्रेस १३० अंशांवर ठेवला, तोही पडद्यावरचा आकडा बघून नव्हे तर प्रोबने मोजून. असमान तापणारा प्रेस बाजूला ठेवला आणि सगळे काम दुसऱ्यावर घेतले. आधी तीन-चार सेकंद कोरा प्रेस देऊन कापडातला दमटपणा काढला. कॉलर आणि शिवण खाली आली तर दाब तिथेच जातो आणि आकड्याच्या मध्यभागी हवा राहते, म्हणून जर्सीच्या आत छपाईच्या जागेएवढीच फोमची उशी घातली. तिचा दुसरा फायदा असा की पॉलिस्टरवर उमटणारी प्रेसच्या कडेची चकाकती चौकट टळली. फिल्म पूर्ण गार झाल्यावर सोलली. आणि प्रत्येक जर्सी गार होईपर्यंत दोरीवर टांगली; ढीग बंद.

परिणाम

पहिल्या सामन्याच्या जर्सी वेळेत गेल्या, बाकीच्या उशिरा. आकडे पुढेही पांढरे राहिले.

बोधचिन्हाच्या बाबतीत निकाल इतका स्वच्छ नाही. काही जर्सींच्या बोधचिन्हाची टोके पहिल्या काही धुण्यांनंतर सुटू लागली. कमी तापमानाची किंमत ती. त्या परत आल्यावर दाब वाढवून, तापमान तेच ठेवून पुन्हा प्रेस दिला आणि त्या टिकल्या. म्हणजे मुळात दाब कमी होता. तापमान उतरवले की त्याची भरपाई दाबाने आणि थोड्या जास्त वेळाने करावी लागते, आणि ती आम्ही नमुन्याच्या वेळी पुरेशी ताणून पाहायला हवी होती. धुण्याची चाचणी केली होती, पण बोधचिन्हाचे टोक नखाने उचलून पाहिले नव्हते.

लहान अक्षरांच्या नावांना सर्वांत जास्त वेळ गेला. लांब आडनावे असलेल्या जर्सी रात्री उशिरापर्यंत चालल्या.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी संधी ऑर्डर घेतानाच होती. ग्राहक जर्सी विकत घेण्याआधी बोलला असता, किंवा त्याला "कापड अजून घेतलं नसेल तर थांबा" असे कुणी सांगितले असते, तर चौथा मार्ग मोकळा होता. छापणारा बऱ्याचदा कापड ठरल्यानंतरच चित्रात येतो, आणि कापड ठरले की निम्मे निर्णय झालेले असतात. या कारखान्याने आता ऑर्डरच्या कागदावर तीन रकाने वाढवले आहेत: कापड कशाचे, रंग गडद आहे का, आणि कापड कुणी आणले. ग्राहकाने आणलेल्या गडद पॉलिस्टरसाठी नमुन्याचा एक नग जास्तीचा मागून घेतात आणि तो परत मिळणार नाही हे आधीच लिहून देतात.

नमुना कोणत्या कापडावर घेतला हा प्रश्न इथे नव्हता. तो त्याच जर्सीवर घेतला होता. चुकले ते पाहण्याची वेळ. रात्रभर उबेत ठेवलेला एक नमुना पुरला असता. पांढऱ्या पॉलिस्टरच्या तुकड्याची चाचणी तर ऑर्डर घेताना ग्राहकासमोरच करता येते, आणि डाग बघितलेल्या ग्राहकाला जास्तीचा वेळ का हवा हे वेगळे समजवावे लागत नाही.

ढिगाबाबत काकांचे मत वेगळे आहे आणि ते नोंदवण्यासारखे आहे. त्यांच्या मते जर्सी सुरुवातीपासून टांगल्या असत्या तर दोष इतका उशिरा आणि इतका हलका दिसला असता की माल ग्राहकाच्या घरी जाऊन गुलाबी झाला असता. ढिगामुळे तो कारखान्यातच पकडला गेला. हे बरोबर आहे. टांगण्याने रंग थांबत नाही, फक्त वेग मंदावतो. म्हणून रंग अडवणारा थर आणि टांगणे, दोन्ही लागतात.

माझा एक आग्रह अजून पुरा झालेला नाही. बाजूला ठेवलेला असमान प्रेस सुती कामासाठी पुन्हा सुरू केला आहे, हीटिंग प्लेट बदललेली नाही. गर्दीच्या दिवसांत कुणीतरी त्यावर पॉलिस्टर लावेल ही भीती खरी आहे. तूर्त त्याच्या हँडलवर "फक्त सूत" अशी पट्टी चिकटवली आहे आणि दर सोमवारी दोन्ही प्रेसची पाच जागी तापमाने मोजून वहीत लिहिली जातात.